बांधावरचा जावई

दिगू, आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी हसले नव्हते.

तू उषावहिनींना सांगितलंस, "मंदीला फोन केला. खजुराचा नर काढणार म्हणलं, तर हसली. काढ खुशाल म्हणाली." बापूंना सांगितलंस, "मंदीची काय हरकत न्हाय." असा फोन झालाच नाही. तू केला नाहीस, मी उचलला नाही, मी हसले नाही आणि खुशाल तर मुळीच म्हणाले नाही. तुझ्या सावडण्याच्या दिवशी, तुझ्याच शेतात, सगळ्या भावकीसमोर मला कळलं की फोनवर मी हसले होते म्हणून.

गेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहायचं असतं. चांगलंही आहेच, येईल पुढं. पण हे पोटात ठेवून मला चांगलं लिहिता येत नाही. तुला माहीत आहे, मला तोंडदेखलं काही जमत नाही. तुला जमत होतं, हे मला आत्ता कळलं.

आपल्या आया सख्ख्या बहिणी. तुझी आई बावड्यात दिली, पाटाच्या पाण्यावर. माझी सुप्याला, माळावर. तुमच्याकडं उन्हाळ्यात आलं की मी पाटात पाय सोडून बसायची आणि तू म्हणायचास, "पाणी बघायला आलीया काय गं?" हो, पाणीच बघायला यायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील म्हणत होते, पोरीला एकटीला बारामतीला कुठं धाडायचं. आईनं एका वाक्यात विषय मिटवला. "दिगू हाय न्हवं तितं."

ते वाक्य मी पुढं आयुष्यभर वापरलं. म्हणून तर हे एवढं लागलं.

तुमच्या घरातलाही तू पहिलाच. थोरल्या भावानं, बापूंनी, दहावीलाच पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली होती. वर्गात आपण दोघंच असे होतो की आपल्याला झाडं आधी माहीत होती, त्यांची पुस्तकातली नावं नंतर कळली. आपले सर म्हणायचे, झाड सुंदर आहे असं मला लिहून देऊ नका, ते माणसाच्या काय कामाला येतं ते लिहा. त्यांच्या कपाटात बरण्या होत्या. अंबाडीचा वाख, बाभळीचा डिंक, करडईचं तेल, कपडे धुवायचं हिंगणबेट. शहरातल्या मुली बरण्या हुंगून नावं पाठ करायच्या. मी सरांना सरळ सांगितलं होतं, "सर, डिंक जुना झालाय, मी उद्या घेऊन येते." तू मागच्या बाकावरून खोकलास. एसटी स्टँडवर भजी खाताना म्हणालास, "मंदे, लई शानपना करू नगं, नापास करंल त्यो." केलं नाही. दुसऱ्या दिवशी मी ओंजळभर डिंक घेऊन गेले आणि सरांनी बरणीवर माझ्या गावाचं नाव लिहिलं. मला तेव्हा जे वाटलं ते नंतर पदवीच्या दिवशीही वाटलं नाही.

आणि त्याच वर्गात सरांनी खजूर शिकवला. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. नराचे पराग माणसानं नेऊन मादीच्या फुलोऱ्यात टाकायचे, हजारो वर्षं माणूस हेच करत आलाय. मग ते म्हणाले, आंब्याला कुठल्याही झाडाचा पराग लागो, गर आईचाच राहतो, बापाचा वाटा कोयीत. खजुराचं तसं नाही. बाप बदलला की फळाचा आकार बदलतो, पिकायची वेळसुद्धा मागंपुढं होते. तू पुढच्या बाकावरच्याच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलंस. तुझ्या डोक्यात काहीतरी शिरलं होतं. ते शेवटपर्यंत निघालं नाही.

माझं लग्न लासुर्ण्यात झालं, तुझं उषावहिनींशी. मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तू शेतात राहिलास. आणि मग तुमच्या गावातल्या टेलरचे वडील हजहून आले. त्यांनी गावभर खजूर वाटला. तू बिया धुऊन, वाळवून, रुमालात बांधून माझ्याकडं आलास.

इथं आपण जी चूक केली ती फक्त आपल्यासारखेच करू शकतात. तयार रोपं मिळत होती, प्रयोगशाळेत वाढवलेली, सगळी मादी, खात्रीची. साध्या शेतकऱ्यानं चार जणांना विचारलं असतं आणि ती आणली असती. पण आपण बॉटनीचे ग्रॅज्युएट होतो, आपण कुणाला विचारणार? बियांची निम्मी झाडं नर निघतात हे आपण परीक्षेत लिहिलं होतं. मादी निघाली तरी प्रत्येकीची चव वेगळी, हेही लिहिलं होतं. तरी लावल्या. तू म्हणालास, "आपुन निवड करू. आपल्याला कळतंय की." आणि फुलल्याशिवाय झाड नर की मादी ते ब्रह्मदेवालाही कळत नाही, म्हणून वर्षानुवर्षं आपण दोघं खत-पाणी घालत बसलो. आमचे सासरे खाटेवरून विचारायचे, "मास्तरीन, ह्या झाडूला खजूर कवा लागायचा?"

तुझ्याकडं पहिली पोय फुटली तो फोन माझ्या कानात आहे. पोय म्हणजे खजुराच्या कळ्यांवरचं ते लाकडी पाकीट. तू हॅलो सुद्धा म्हणाला नाहीस.

"मंदे, नर!"

जशी काही पोरगी बघायला गेलास आणि दारात मिशीवाला उभा राहिला. मी हसले. तेव्हा हसले मी, लिहून ठेव. आले बघायला. पांढराशुभ्र तुरा, हात लावला की पिठासारखा पराग उडतो, आणि वासही थेट मळलेल्या कणकेचा. बापू शेजारी उभे होते, तेव्हा तुमची वाटणी झाली नव्हती. त्यांनी तुरा हुंगला आणि विचारलं, "ह्याला फळ?"

"न्हाय येत," तू म्हणालास.

"आन् पानी?"

"लागतंय की. खतबी लागतंय."

"खातंय, पितंय, बांधावर पाय पसरून बसतंय, आन् द्याचं म्हणलं तर वर्षातनं एकदा," बापू म्हणाले. "मग ह्यो नर कशाचा, जावई हाय."

तेव्हापासून तो जावई झाला.

माझ्याकडंही नर निघाले, बरेच निघाले. आमची जमीन केवढी, तू बघितली आहेस. एका नराची जागा म्हणजे एका मादीची जागा. आपण बांधावर बसून ठरवलं. तू जावई ठेवायचा, कोपऱ्यात, चांगला दांडगा आहे. मी माझे सगळे नर काढायचे, त्या जागी चांगल्या मादीच्या बुडातून निघणारे फुटवे लावायचे. पराग दोघांना पुरून उरेल. आमचे हे म्हणाले, "एक तरी ठेव की आपला." मी काय म्हणाले असेन? सांगायला नको. दिगू हाय न्हवं तितं.

त्यानंतर दर फेब्रुवारीत मी बावड्याला यायची. जावयाची पोय तडकायच्या बेतात आली की तुझा फोन. मी स्कूटीवर, मांडीत आईच्या जुन्या लुगड्याचा मऊ धडपा. वहिनी त्या दिवशी पुरण घालायच्या. "मुलीकडची मंडळी आली, बसा," म्हणायच्या. तू शिडीवर चढून पोय कापायचास, मी खाली धडपा पसरून उभी. एक तुरा तुझ्या झाडांना, एक माझ्या. निघताना तू स्कूटीजवळ येऊन हात जोडायचास, "आमच्या जावयाला संभाळून घ्या. घरचं लाडकं हाय, थोडं ऐतखाऊ हाय." वहिनी तोंडाला पदर लावायच्या. मी तो तुरा बाळासारखा मांडीत घेऊन लासुर्ण्याला जायची, सावलीत कागदावर वाळवायची आणि दुसऱ्या दिवशी ह्यांना शिडी धरायला लावून एकेका घडात दोन-दोन काड्या उलट्या खोचायची. खजुराच्याच पातीनं सैल बांधायची. दिगू, मला शाळेत पुरस्कार मिळाला, पेपरात फोटो आला, पण त्या दिवशी शिडीवर असायची तेवढी ताठ मी कुठंच नसायची. केसांत पराग, हातांत कणकेचा वास, आणि खाली उभे आमचे हे म्हणायचे, "उतरा मॅडम, झाली मुलं."

एक वर्ष मी म्हणाले, थोडा पराग वाळवून फ्रिजमध्ये ठेवते, अडीनडीला असू दे. तू उखडलास. "कशापायी? जावई जिता हाय तवर फ्रिजातलं कशाला?" मी ऐकलं. मी तुझं फार ऐकत नसे, आणि जे ऐकलं ते हे.

भांडण एकच होतं आपलं, शिंदीचं. ओढ्याला जंगली शिंदी उभी आहे, पानांच्या केरसुण्या होतात, खोडातून नीरा निघते, सरांनी एका तासात संपवलेलं झाड. तुझ्या डोक्यात शिरलं होतं की शिंदी हा खजुराचा भाऊबंदच आहे, तिच्या नराचा पराग लागेल. आणि बाप जंगली, काटक, लवकर पिकणारा, तर फळ पावसाच्या आधी रंगावर येईल. कारण आपला सगळा घोळ जूनचाच. घड पिवळे व्हायला आणि ढग यायला एकच गाठ. मी म्हणायची, फळ बोराएवढं होईल आणि आत नुसती बी. तू म्हणायचास, "एक झाड दे मला करून बघायला."

"तुझ्या शेतात कर."

"माझ्याकडं जावई हाय, येडे. वाऱ्यानं त्याचा पराग येतोय. प्रयोग शुद्ध व्हत न्हाय. तुझ्याकडं एकबी नर न्हाय, तुझं रान म्हंजे धुतलेली परीक्षानळी हाय."

"माझं रान म्हणजे माझ्या पोटाला आहे. परीक्षानळी कॉलेजात राहिली."

हे दर फेब्रुवारीला, पुरणाच्या ताटावर. वहिनी म्हणायच्या, "आलं का शिंदीचं? मला वाटलं औंदा इसरलं." मी कधी झाड दिलं नाही. आजही मला त्याचं वाईट वाटत नाही. माझं म्हणणं बरोबर होतं असं मला आजही वाटतं.

आता गेली भाऊबीज.

मी ओवाळलं. तू पाटावर बसलास, अंगरखा ढगळ झाला होता. मी म्हटलं, "वाळलास." तू म्हणालास, "वहिनी उपाशी ठेवती तुझी." वहिनी आत गेल्या, बाहेर आल्याच नाहीत बराच वेळ. मी बावळट, मला वाटलं पुऱ्या तळतायत. पुण्याच्या डॉक्टरांनी गणपतीतच सांगितलं होतं म्हणे. पोटातलं होतं आणि पसरलं होतं. ते तू मला सांगितलं नाहीस. वहिनींना शपथ घातलीस, बापूंना शपथ घातलीस. ते एक वेळ मी सोडते. मरण ज्याचं त्याचं, कुणाला सांगायचं ते त्यानं ठरवावं. पण निघताना मी स्कूटी चालू केली आणि तू नेहमीसारखा हात जोडून पुढं आलास.

"फेब्रुवारीत ये. जावई वाट बघतोय."

दिगू, तेव्हा तू बापूंना शब्द देऊन बसला होतास. जावयाचा कोपरा त्यांच्या उसाच्या रस्त्याला द्यायचा ठरला होता. मी परवा बापूंना विचारलं, कधी ठरलं? "दिवाळीच्या आधीच," ते म्हणाले. म्हणजे माझ्या हातचं ओवाळणं घेऊन, कपाळावर माझं कुंकू असताना, तू मला तोडायला काढलेल्या झाडाचं आमंत्रण दिलंस. सांगणं जड गेलं असतं, कळतं मला. मग गप्प बसायचं होतंस. गप्प बसलेल्या माणसावर मी रागावले असते आणि दोन दिवसांत विसरले असते. तू वरून गोड बोललास.

तू गेलास तेव्हा माझ्या झाडांना पोया दिसायला लागल्या होत्या. मातीला आले, रडले, परत गेले. सावडायला परत आले तेव्हा डिकीत धडपा होता. लोक काय म्हणतील ते म्हणोत. भाऊ गेला म्हणून झाड थांबत नाही, हे तूच मला सांगितलं असतंस. मनात होतं, सगळं आटोपलं की वहिनींच्या कानात सांगून गुपचूप एक तुरा घ्यायचा.

बापू म्हणाले, "राख पान्यात न्हाय सोडायची. दिगूचं सांगनं हाय. रानात खड्डा घ्याचा, त्यात राख, वर झाड. आन् झाड कुठलं त्ये मंदीला इचारा म्हणाला."

हे ऐकून मला भरून आलं. खरं सांगते, भरून आलं. वहिनींच्या भावानं केशर आंब्याचं रोप आणलं होतं, ते हातात घेऊन तो उभा. आम्ही सगळे रानात निघालो. आणि बांधाचं वळण आलं तिथं मी थांबले. कोपरा नव्हताच. तांबड्या मुरुमाचा रस्ता, त्यावर ट्रॅक्टरची चाकं, दोन्ही बाजूला उसाचं पाचट सांडलेलं.

मी विचारलं, "जावई कुठंय?"

सगळ्यांनी बापूंकडं बघितलं. मग बापू म्हणाले, "म्हंजे? तुला ठावं न्हाय व्हय?"

"काय ठाऊक?"

"त्यो म्हणाला, मंदीला इचारलंय. मंदीची हरकत न्हाय."

आणि वहिनी, पदरात तोंड, बारीक आवाजात, "वन्सं, मला म्हणाले तुमी हसलात. मला बरं वाटलं होतं."

दिगू, तिथं दोन गोष्टी करता आल्या असत्या मला. मी सांगू शकले असते, हे खोटं आहे, मला काही विचारलेलं नाही. तुझी राख बापूंच्या हातातल्या गाडग्यात होती. तुझी पोरं उघड्या डोक्यानं उभी होती. मी म्हणाले, "असंल. विसरले असेन." तुझं खोटं मी माझ्या तोंडानं पुरं केलं. एवढं तरी मान्य कर, जिथं असशील तिथं.

नंतर बापूंनीच सगळं सांगितलं, पाटाच्या कडेला बसून, कुणी विचारलेलं नसताना. तुमच्या वाटणीपासूनचं ते रस्त्याचं भांडण. त्यांचा ऊस बाहेर काढायला वाट नाही, तू कोपरा देत नाहीस, तहसीलला फेऱ्या, दोन्ही घरांचं पाणी सुद्धा बंद. कारखान्याची टोळी येऊन उभी राहायची आणि ऊस डोक्यावर वाहून न्यायला लागायचा. आणि मग एक दिवस तू आपण होऊन त्यांच्या ओट्यावर गेलास, म्हणालास, "घे कोपरा. दिवाळी झाली की मशीन आण. फक्त मी नसलो तर हिच्याशी भांडू नगंस."

मग बापू पाटात खडे टाकत बसले.

कळलं मला. मी काय दगड नाही. माणूस चालला, मागं बायको, पोरं, आणि शेजारी सख्खा भाऊ ज्याच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नाही. तू हिशोबी माणूस, हातात जे होतं ते देऊन तिचं पुढचं आयुष्य सोपं केलंस. मला विचारलं असतंस तर मी म्हणाले असते, तोड. कदाचित आधी भांडले असते, शिव्या दिल्या असत्या, एक वर्ष थांब म्हणाले असते, मला माझा नर लावू दे म्हणाले असते. मग म्हणाले असते तोड. पण विचारायचं होतंस. तो कोपरा तुझा होता, जावई आपला होता. तुझ्या घरातल्या बाईची सोय करताना तू ह्या बाईला मोजलंच नाहीस, आणि मोजलं असं सगळ्यांना सांगितलंस. मला काय जिव्हारी लागलं ते आता समजलं का? झाड गेलं ह्याचं नव्हे. तू मनातल्या मनात माझ्याशी बोललास, माझं उत्तरही तूच दिलंस, आणि वर मला हसवलंस.

खड्ड्यापाशी सगळे माझ्याकडं बघत होते. आंब्याचं रोप पुढं आलं. मी म्हणाले, "आंबा नको."

"मग?"

मला पाटाच्या वळणावर जावयाचं बुडखं दिसलं होतं. मशीननं मुळासकट उपटून तिथं लोटलेलं, निम्मं चिखलात. आणि त्याच्या बगलेला एक फुटवा. पाटाच्या ओलीवर तो हिरवा राहिला होता, एक नवी पात वर निघालेली, चाकूसारखी. फुटवा म्हणजे त्याच झाडाचा तुकडा. नराचा फुटवा नरच होणार.

मी म्हणाले, "पहार आणा."

पहार बापूंनीच घेतली. घाम गळेपर्यंत हाणत होते, पोरांना हात लावू दिला नाही. "जरा खालनं घ्या, मूळ तुटंल," मी ओरडत होते, तुझ्यावर ओरडायची तशी. निघाला शेवटी, बोटभर मुळं घेऊन. राख टाकली, माती टाकली, फुटवा उभा केला, मी पायानं दाबला. वहिनींनी पाणी घातलं.

बापू कमरेवर हात ठेवून बघत राहिले. म्हणाले, "मंदे, ह्याला फळ?"

"न्हाय येणार."

"पानी?"

"लागंल."

त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. "म्हंजे परत जावईच की गं."

सगळे हसले, दिगू. सावडण्याला हसतात का कुणी? वहिनी हसल्या आणि हसता हसताच खाली बसल्या, मग पुन्हा सगळं रडणं सुरू झालं. मी मात्र हसले नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण आता माझ्या हसण्याबद्दल कुणीही काहीही सांगेल.

घरी आले. डिकीतून धडपा काढला, कोरडा. ह्यांनी बघितलं आणि "एक ठेव म्हणलो होतो" असं म्हणाले नाहीत. तेवढंच विचारलं, "आता?" दोन-तीन बागवाल्यांना फोन केले. एकाचा नर फुलून संपला होता, एकानं होता तो वाटून टाकला होता, "ताई, आधी बोलायचं होतं," म्हणाला. आधी. आणि माझ्या झाडांच्या पोया तडकत होत्या. मादीचा फुलोरा उघडल्यावर फार दिवस वाट बघत नाही. पराग लागला नाही तर फळ धरतं, पण तीन-तीन बोंडं एकाला चिकटलेली, बी नाही, गोडी नाही, पिकतसुद्धा नाहीत नीट. वर्षभराचं पाणी, खत, राखण, सगळं तसल्या बोंडात जाणार.

मी ह्यांना म्हणाले, "शिडी घ्या. ओढ्याला जायचंय."

"शिंदी? तू तर न्हाय म्हणत होतीस."

"अजून न्हायच म्हणतेय. चला."

शिंदीचा नर शोधला. काटे बघितलेस ना कधी त्याचे? ह्यांच्या हाताला ओरबाडलं, माझ्या कानाला. तुरा बारका, परागाचा रंग मळकट, वास मात्र तोच, कणकेचा. तो वास आला आणि मी ओढ्यात, पाण्यात चपला, तुला मोठ्यानं शिव्या दिल्या. आमचे हे शिडीवर, खाली बघेनात. मग आणला, वाळवला, खोचला. प्रत्येक घडात. तुला एक झाड पाहिजे होतं, तुला अख्खी बाग मिळाली. धुतलेली परीक्षानळी. मेल्यावर असा प्रयोग मिळत नाही कुणाला.

एक घड मात्र मी कोरडा ठेवलाय. सरांनी शिकवलं होतं, प्रयोगात एक बाजू काही न करता सोडायची, नाहीतर केलेल्याचं मोल कळत नाही. घरात मी तेच कारण सांगितलं. तुला खरं सांगते, तो तुझ्या नावाचा आहे. जूनमध्ये बाकीचे घड पिवळे होवोत नाहीतर बोराएवढे राहोत, तो तसाच राहील, तीन-तीन बोंडांचा, बिनगोडीचा. मला तो बघायचाय.

तू जिंकलास तर मी कुणाजवळ कबूल करायचं, आणि मी जिंकले तर कुणाला दाखवायचं, ह्याचा विचार तू केला नाहीस. तुझ्या हिशोबात ते बसलं नसेल.

काल वहिनींचा फोन आला. आधी पोरांचं, मग बापूंनी पाट सोडला त्याचं, आणि शेवटी, "वन्सं, फुटवा ताठ हाय. मधली पात वर सरकलीया." मी म्हणाले, "पाणी कमी घाला, कुजेल." वहिनी म्हणाल्या, "येताय कवा?" मी म्हणाले, बघू.

येणार आहे. जगला तर त्याला फुलायला चार-पाच वर्षं लागतील. तोपर्यंत दर फेब्रुवारीला मी ओढ्यातल्या शिंदीला हात जोडणार, आणि दर फेब्रुवारीला तुझ्यावर रागावणार. मग एक दिवस वहिनी फोन करतील की पोय तडकायला आली. मी धडपा घेऊन येईन, शिडीवर चढेन, तुझ्या राखेवर उभ्या राहिलेल्या त्या ऐतखाऊ जावयाचा पहिला तुरा कापेन.

हसायचं का नाही, ते तेव्हा बघू. तोवर कुणी विचारलं तर खरं सांग, मंदी हसली नाही म्हणावं.